तंबूतल्या मुक्कामासाठी पौष्टिक आणि सुटसुटीत खाणे

पायवाट

तंबूच्या मुक्कामाला निघताना पांघरुणे, विजेऱ्या, दोर, औषधे यांची यादी आपण चार-चार वेळा तपासतो आणि खाण्याचा विचार मात्र आदल्या रात्री नूडल्सची आणि बिस्किटांची पाकिटे पिशवीत कोंबून उरकतो. त्याचा परिणाम दुसऱ्याच दिवशी जाणवू लागतो. पोट भरल्यासारखे वाटते, पण चढ लागला की दम टिकत नाही, सारखी तहान लागते आणि सकाळी कोठा साफ होत नाही. झटपट नूडल्समध्ये मैदा, तेल आणि मीठ भरपूर, तर प्रथिने आणि चोथा बेताचाच असतो, त्यामुळे यात नवल वाटण्यासारखे काही नाही. पौष्टिक खायचे म्हणजे जास्त भांडी, जास्त ओझे आणि जास्त वेळ, असा अनेकांचा समज असतो. तो दूर व्हावा, म्हणून हा धागा काढते आहे.

माझ्या मते सगळे काही कामाच्या वाटणीवर अवलंबून आहे. निवडणे, चिरणे, भाजणे आणि मोजणे ही कामे घरी, ओट्यापाशी आणि भरपूर उजेडात करावीत. मुक्कामी फक्त पाणी उकळावे. तिथे एकच शेगडी असते, वारा असतो, पाणी कुठून तरी वाहून आणलेले असते आणि माणसे दमलेली असतात. अशा वेळी कांदा चिरत बसण्याची कुणाची तयारी नसते आणि मग हात आपोआप बिस्किटांकडे जातो. म्हणून दर जेवणाची वेगळी पिशवी भरावी, प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी टाकावी आणि तिच्यावर दोनच गोष्टी लिहाव्यात: पाणी किती आणि वेळ किती. चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहावी, कारण शाई दमटपणात पसरते.

न्याहारीसाठी ओट्ससारखा सोपा पदार्थ नाही. माणशी ५० ते ६० ग्रॅम ओट्स, दोन मोठे चमचे दुधाची पावडर, थोडे मनुके, भोपळ्याच्या बिया, भरड कुटलेले बदाम आणि चिमूटभर दालचिनी हे सगळे घरीच एका पिशवीत मिसळून ठेवावे. सकाळी त्यावर पेलाभर उकळते पाणी ओतून पाच मिनिटे झाकले, की काम झाले. साखर घालण्याची गरज पडत नाही, मनुक्यांची गोडी पुरते. हेच मिश्रण रात्रीच भिजवून ठेवण्याची पद्धत घरी चांगली आहे, कारण घरी ते फ्रिजमध्ये राहते. दुधाची पावडर कोरडी असेपर्यंतच टिकते. एकदा ओली झाली की ती दुधासारखीच नासते. त्यामुळे उष्ण हवेत रात्रभर भिजवण्याच्या फंदात पडू नये.

संध्याकाळच्या जेवणासाठी सालीशिवायची केशरी मसूर डाळ आणि बारीक दलिया ही जोडी मला सर्वांत भरवशाची वाटते. डाळीला भिजवावे लागत नाही आणि दोन्ही जवळजवळ एकाच वेळी शिजतात. माणशी ४० ग्रॅम डाळ, ६० ग्रॅम दलिया, हळद, जिरे, मीठ आणि मूठभर वाळवलेल्या भाज्या असे प्रमाण मी घेते. दलिया घरी कोरडाच भाजून घेतला, तर मुक्कामी तो लवकर शिजतो आणि चिकट होत नाही. गाजर, फरसबी आणि कांदा यांच्या पातळ चकत्या मंद आचेच्या ओव्हनमध्ये, साधारण ६० अंश सेल्सियसला, कडकडीत होईपर्यंत वाळवाव्यात. वाकवल्यावर चकती कट्‌कन मोडली पाहिजे; ती वाकत असेल, तर आत ओल राहिली आहे आणि पिशवीत बुरशी येणार.

मुक्कामी पोहोचल्याबरोबर ही पिशवी माणशी सुमारे ४०० मिलिलिटर पिण्याजोग्या पाण्यात रिकामी करावी आणि तंबू उभारून होईपर्यंत तशीच झाकून ठेवावी. तेवढ्यात भाज्या फुगतात. मग पातेले शेगडीवर ठेवून उकळी आणावी, आच कमी करून दहा मिनिटे शिजू द्यावे, तळाला लागू नये म्हणून दोन-तीनदा ढवळावे आणि शेगडी पूर्ण बंद केल्यावर झाकलेले पातेले जाड टॉवेलात गुंडाळून पंधरा मिनिटे बाजूला ठेवावे. उरलेले शिजणे आतल्या वाफेवर होते, इंधन वाचते आणि डाळ मऊ होऊन दलियाला धरून राहते. वाढताना वरून भाजलेल्या शेंगदाण्यांचा मूठभर कूट आणि चमचाभर तेल घालावे. डाळीतून साधारण १० ग्रॅम, दलियातून ७ ग्रॅम आणि २० ग्रॅम शेंगदाण्यांतून ५ ग्रॅम, म्हणजे एका ताटात २० ग्रॅमच्या वर प्रथिने मिळतात आणि घासायला एकच पातेले उरते.

दुपारी मी शेगडी काढतच नाही. पातळ पोळ्या किंवा पिटासारखे चपटे पाव, पीनट बटर, काकडी, गाजर, कडक प्रकारचे चीज, फुटाणे आणि एखादे सफरचंद एवढ्यावर उत्तम भागते. फुगलेला पाव मात्र पिशवीत चेपून त्याचा चुरा होतो, तो टाळलेला बरा.

वाटेत तोंडात टाकण्याच्या खाण्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण सर्वांत जास्त साखर तिथूनच पोटात जाते. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून ९ किलोकॅलरी मिळतात. पिष्टमय पदार्थ आणि प्रथिने यांतून प्रत्येकी ४. म्हणून पाठीवर ओझे वाहायचे असेल, तेव्हा दाणे आणि बिया सर्वांत किफायतशीर ठरतात: १०० ग्रॅम शेंगदाण्यांत ५६० च्या आसपास किलोकॅलरी आणि सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. शेंगदाणे, फुटाणे, भोपळ्याच्या बिया आणि मनुके यांचे मिश्रण करताना मनुके पाचातला एक भाग इतपतच ठेवावेत. विकतच्या अनेक एनर्जी बारमध्ये साखरेचा पाक हाच मुख्य घटक असतो. त्यांच्याऐवजी २०० ग्रॅम बिया काढलेला खजूर आणि १०० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे एकत्र वाटावेत, त्यात तीळ, भाजलेले ओट्स आणि कणभर मीठ मळावे, ताटात थापून वड्या पाडाव्यात आणि एकेक वडी कागदात गुंडाळावी. पाक करावा लागत नाही. वड्या काही दिवस सहज टिकतात.

आपापल्या युक्त्या अवश्य लिहा. नवख्यांनी प्रश्नही विचारावेत.

कंदील

पायवाटताई, फार उपयोगी धागा आहे. पिशवीतल्या चिठ्ठीची कल्पना मी लगेच उचलतो आहे. एक शंका आहे. पहिल्या रात्रीसाठी घरूनच भात किंवा पास्ता शिजवून डब्यात नेला आणि मुक्कामी चांगला कडकडीत गरम करून घेतला, तर काय हरकत आहे? तेवढेच इंधन वाचेल, असे मला वाटते. उकडलेली अंडीही न्यावीत असा विचार आहे.

निर्झर

कंदीलदादा, भाताच्या बाबतीत हा बेत सोडून द्या, असे मी आग्रहाने सांगेन. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे कठीण परिस्थितीत तग धरणारी त्याची सुप्त रूपे, असू शकतात आणि ते शिजवण्याच्या उष्णतेतही जिवंत राहतात. भात कोमट अवस्थेत डब्यात राहिला की ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. ज्या विषामुळे उलट्या होतात, ते उष्णतेला दाद देत नाही. म्हणजे नंतर भात कितीही कडकडीत गरम केला, तरी ते तसेच राहते. ‘उकळले की सगळे मरते’ ही आपली समजूत इथे लागू पडत नाही. पास्त्यालाही हाच नियम लावावा.

एकूणच शिजलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सियसच्या पट्ट्यात दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या अन्नसुरक्षेच्या पाच सूत्रांत सांगितले आहे. हवा ३२ अंशांच्या वर असेल, तर एकच तास धरावा. प्रवासाचे तास मोजले, की डब्यातला ओला पदार्थ ही मर्यादा केव्हाच ओलांडतो. ताईंनी सुचवलेल्या कोरड्या पिशव्यांचा खरा फायदा मला इथे दिसतो: पाणी पडेपर्यंत त्या अन्नात जिवाणू वाढू शकत नाहीत.

उकडलेल्या अंड्यांचेही तेच. उकडताना कवचावरचे नैसर्गिक आवरण निघून जाते, त्यामुळे उकडलेले अंडे कच्च्यापेक्षा लवकर बिघडते. बर्फाची पेटी सोबत असेल तरच न्यावे, नाहीतर निघाल्यापासून दोन तासांच्या आत खाऊन टाकावे. प्रथिनांसाठी सोया ग्रॅन्युल्स न्या. १०० ग्रॅम कोरड्या सोयात ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, वजन नगण्य असते आणि उकळत्या पाण्यात दहा मिनिटांत ते तयार होतात. ताईंच्या मसूर-दलियात मूठभर टाकले, तर पाणी थोडे वाढवावे.

ओसरी

पाठीवर ओझे घेऊन चालणाऱ्यांसाठी वरचे सगळे मोलाचे आहे. गाडी तंबूपाशी नेता येत असेल, तर मात्र ताज्या भाज्यांवर पाणी सोडण्याचे कारण नाही. आम्ही सहकुटुंब अशाच जागी जातो, म्हणून त्या बाजूने लिहिते.

भाज्या कोणत्या क्रमाने संपवायच्या, हे आधी ठरवावे. पालेभाज्या आणि मशरूम पहिल्या दिवशी, टोमॅटो, काकडी आणि ढोबळी मिरची दुसऱ्या दिवशी, आणि कोबी, गाजर, बटाटे, रताळी व कांदे त्यानंतर. संत्री आणि सफरचंदे शेवटपर्यंत टिकतात. केळी न्यायची असतील तर थोडी कच्ची घ्यावीत आणि सामानात सर्वांत वर ठेवावीत.

बर्फाच्या पेटीत सुटे खडे भरण्यापेक्षा पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवाव्यात. मोठा गोळा सावकाश वितळतो, अन्न पाण्यात पोहत नाही आणि वितळलेले पाणी प्यायलाही होते. पेटी भरलेली असली की गारवा जास्त टिकतो. मोकळी जागा राहिली, तर आणखी एखादी गोठवलेली बाटली घालावी. पिण्याच्या गोष्टींसाठी शक्य असल्यास दुसरी लहान पेटी ठेवावी, कारण तहानेपोटी पेटी दिवसभर उघडली जाते आणि दुधा-मांसाचा गारवा त्यात जातो. कच्चे मांस किंवा मासे घरीच गोठवून, दुहेरी पिशवीत बंद करून, तळाशी ठेवावेत, म्हणजे त्यांचे पाणी इतर अन्नावर ओघळणार नाही.

निखाऱ्यावर करण्यासाठी फॉइलच्या पुडक्या फार सोयीच्या आहेत. बटाटा, रताळे, गाजर आणि कांदा यांच्या अर्ध्या सेंटिमीटर जाडीच्या चकत्या तेल, मिरपूड आणि थोड्या मिठात घोळवून दुहेरी फॉइलमध्ये घट्ट बांधाव्यात. ज्वाळा पूर्ण बसल्यावर, निखाऱ्यांवर राखेची पांढरी साय धरली की मगच पुडकी ठेवावी, मध्ये एकदा उलटावी. पंचवीस-तीस मिनिटांत चकत्या मऊ होतात. ज्वाळेवर ठेवली, तर बाहेरून जळते आणि आत बटाटा कच्चा राहतो. टोमॅटो आणि लिंबू फॉइलमध्ये घालू नये, आंबट पदार्थात अॅल्युमिनियम उतरते. लिंबू उघडल्यावर पिळावे. प्रत्येकाने आपली पुडकी स्वतः भरावी. भाज्यांना नाक मुरडणारी मुलेसुद्धा स्वतः भरलेली पुडकी आवडीने संपवतात, हा आमच्या घरचा अनुभव आहे.

उंचवटा

उंच डोंगरावर मुक्काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट जोडतो. दर ३०० मीटर उंचीमागे पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने उतरतो. ३,००० मीटरवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे ते खळखळताना दिसले, तरी डाळ घरच्यासारखी शिजत नाही. मसूर थोडा जास्त वेळ दिल्यावर शिजते. अख्खी कडधान्ये मात्र तिथे साध्या पातेल्यात शिजवण्याचा नाद करू नये.

राजम्याबाबत तर हा आरोग्याचा प्रश्न आहे. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे विषारी प्रथिन असते आणि चार-पाच कच्च्या दाण्यांनीही काही तासांत जोराच्या उलट्या सुरू होऊ शकतात. ते नष्ट करण्यासाठी राजमा किमान पाच तास भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात पूर्ण १०० अंशांवर अर्धा तास खळखळून उकळावा लागतो. मंद आचेवर अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त घातक ठरू शकतो. उंचावर साध्या पातेल्यात १०० अंश गाठताच येत नाहीत. प्रेशर कुकरमध्ये तापमान १२० अंशांपर्यंत जाते, पण त्याचे वजन कोण वाहणार? राजमा हवाच असेल, तर डबाबंद न्यावा. तो शिजवलेलाच असतो, पाणी निथळून नुसता गरम करायचा.

इंधनाचेही पाहून ठेवा. निव्वळ ब्यूटेनची डबी शून्य अंशाच्या आसपास निकामी होते, कारण ब्यूटेनचा उत्कलनबिंदूच उणे अर्धा अंश आहे. थंडीत प्रोपेन मिसळलेली डबी घ्यावी. आणि कितीही वारा किंवा पाऊस असला, तरी तंबूच्या आत शेगडी पेटवू नये. आगीचा धोका तर असतोच. त्याशिवाय कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो आणि झोप आल्यासारखे वाटता वाटता माणूस बेशुद्ध होतो.

किलबिल

लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी लिहिते. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, बदाम किंवा काजू देऊ नयेत. घशात अडकण्याची भीती असते आणि मुक्कामाच्या जागी मदत लवकर मिळत नाही. त्यांच्यासाठी कूट किंवा पोळीवर पातळ पसरलेले पीनट बटर चालते. द्राक्षे उभी चिरून चार फोडी कराव्यात. लाह्या आणि पॉपकॉर्नही या वयात नकोत. एका वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात देऊ नये, त्यातल्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. बरोबर दुसऱ्यांची मुले असतील, तर शेंगदाणे, दूध, अंडी किंवा गहू यांची कुणाला अॅलर्जी आहे का, हे निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

मुलांच्या भुकेचे वेळापत्रक तंबूत पार बदलते. तीन मोठ्या जेवणांपेक्षा थोडे-थोडे पाच वेळा दिलेले त्यांना मानवते. मी प्रत्येक मुलाला सकाळीच त्याची खाऊची पिशवी देते: खजुराची वडी, फळाच्या फोडी, चीजचा तुकडा, भाजलेले ओट्स. दिवसभरात केव्हा काय खायचे, ते त्याने ठरवायचे. चॉकलेट मी नेते, पण ते या पिशवीत घालत नाही. ते संध्याकाळी सर्वांनी मिळून खायचे.

पायवाट

निर्झर, ओसरीताई, उंचवटा, किलबिल, सर्वांचे मनापासून आभार. राजम्याची माहिती निघण्यापूर्वी प्रत्येकाने वाचावी अशी आहे.

पाण्याबद्दल मी मूळ लेखात काहीच लिहिले नव्हते, ते इथे जोडते. ओढ्याचे किंवा विहिरीचे पाणी गाळून, खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळू द्यावे. २,००० मीटरच्या वर तीन मिनिटे. ओट्सवर ओतायचे पाणीही याच नियमातले असावे. नुसते तापवलेले पुरत नाही. घाम फार आला असेल, तर भाताच्या पेजेत किंवा सूपमध्ये मीठ घालून घ्यावे. नेहमीच्या चालीत वेगळ्या इलेक्ट्रोलाइट पावडरीची गरज बहुतेकांना नसते. जुलाब लागलेच, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ विरघळवून घोट-घोट देत राहावे. मिठाचे प्रमाण वाढू देऊ नये.

जेवणापूर्वी हात साबणाने धुणे तंबूत हमखास राहून जाते. सॅनिटायझर मातकट किंवा तेलकट हातांवर नीट काम करत नाही आणि उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर त्याचा फारसा उपयोग होत नाही, म्हणून साबणाची लहानशी वडी सोबत हवीच. भांडी ओढ्यात न धुता पाणी बाजूला, निदान ६० मीटर दूर न्यावे, खरकटे गाळून पिशवीत घ्यावे आणि उरलेले पाणी पसरून टाकावे. फळांच्या सालीसुद्धा परत आणाव्यात. संत्र्याची साल कुजायला कित्येक महिने लागतात आणि खरकट्याला चटावलेली जनावरे पुढच्या माणसांच्या तंबूत शिरतात. याच कारणासाठी रात्री खाण्याची एकही पिशवी तंबूच्या आत ठेवू नये.

कंदील

निर्झर, भाताचा बेत रद्द केला आहे. आणखी एक विचारतो. आम्ही जिथे जाणार आहोत, तिथे वणव्याच्या भीतीने कोरड्या दिवसांत आग आणि शेगडी दोन्हींना बंदी असते. दोन दिवस काहीच न पेटवता पोटभर आणि बरे खाता येईल का?

निर्झर

नक्की येईल. कुसकुस हा रवा आधीच वाफवून वाळवलेला असतो, त्यामुळे तो गार पाण्यातही अर्ध्या तासात फुगतो. रुंद तोंडाच्या झाकणाच्या बरणीत कुसकुस, वाळवलेला टोमॅटो, मनुके, मीठ आणि मिरपूड घालून चालता चालता पाणी ओतावे. जेवायला बसेपर्यंत तयार होते. वरून तेल, लिंबू आणि डबाबंद छोले घातले, की पूर्ण जेवण होते. दुधाची पावडर न घातलेले ओट्स याच रीतीने अर्ध्या-पाऊण तासात भिजतात. त्यात पीनट बटर ढवळावे. पाणी उकळता येणार नाही, म्हणून पिण्याचे पाणी घरून न्यावे किंवा शुद्धीकरणाच्या गोळ्या ठेवाव्यात आणि गोळीच्या पाकिटावर दिलेला वेळ पूर्ण होण्याआधी ते पाणी कुसकुसमध्येही ओतू नये. भिजवलेले अन्न दोन तासांत संपवावे, सकाळचे संध्याकाळसाठी ठेवू नये.

मोड आलेले मूग न्यायचा विचार मनात येईल. ओल्या फडक्यात त्यांना वाटेतही छान मोड येतात, पण मोड यायला लागणारी ऊब आणि ओल जिवाणूंनाही तितकीच मानवते, त्यामुळे ते कच्चे खाणे धोक्याचे आहे. शेगडी नसेल, तेव्हा मूग घरीच ठेवा आणि त्या जागी फुटाणे जास्त घ्या.